भाज्यांचे व्हीगन मफिन्स आतून चिकट राहतात? आधी पाण्याचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंडी, दूध, लोणी काहीही न वापरता तुम्ही न्याहारीसाठी भाज्यांचे मफिन्स करता. ओव्हनमधून निघतात तेव्हा फुगलेले, तांबूस दिसतात, पण दहा मिनिटांत मधोमध खचतात आणि मोडले की आत ओलसर चिकट गोळा सापडतो. अंड्याऐवजी जवस, चिया, कुस्करलेलं केळं, सफरचंदाचा गर असं सगळं आलटून पालटून झालं, तरी फरक नाही. चव सपाट लागते. शिवाय हे मफिन्स न्याहारी म्हणून खरोखर पोटाला आधार देतात का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. आणि सकाळी वेळ नसतो, हीही अडचण आहेच.

फरक पडत नाही, कारण दुरुस्ती चुकीच्या जागी चालली आहे. व्हीगन बेकिंग शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘अंड्याऐवजी काय?’ गोड मफिनमध्ये तो महत्त्वाचा असतोही. भाज्यांच्या मफिनमध्ये मात्र खरा प्रश्न पाण्याचा असतो, आणि ते पाणी तुम्ही मोजत नाही.

आकडे बघा. झुकिनीत साधारण ९५ टक्के पाणी असतं, ढोबळी मिरचीत ९२ च्या आसपास, पालकात ९१, गाजरात ८८. म्हणजे ३०० ग्रॅम मिश्र भाज्या घातल्या तर त्यांच्याबरोबर थोडंथोडकं नव्हे, जवळजवळ २७० मिलिलिटर पाणी भांड्यात येतं. बारा मफिन्सना आपण वनस्पतींचं दूध घालतो ते सुमारे २४० मिलिलिटर. मोजून घातलेल्या दुधापेक्षा न मोजता आलेलं पाणी जास्त! हे पाणी सुरुवातीला दिसत नाही, कारण ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं. किसल्यावर थोडं सुटतं, मीठ लागलं की आणखी सुटतं, आणि ओव्हनच्या उष्णतेने पेशींच्या भिंती सैल झाल्या की उरलेलंही बाहेर येतं. तेही नेमकं अशा वेळी, जेव्हा मफिनचा आकार पक्का व्हायला हवा असतो. पिठातला स्टार्च त्याला हवं तेवढं पाणी पिऊन फुगतो आणि बाकीचं तिथेच राहतं. तोच तुमचा चिकट गोळा. शिवाय पाणी जास्त असलं की आतला भाग तापायलाही वेळ लागतो. बाहेरचा भाग तांबूस होऊन जातो, आत मात्र अजून शिजणं चालू असतं.

अंडं असतं तर यातलं बरंच खपून गेलं असतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने घट्ट होऊन सगळा सांगाडा धरून ठेवतात. जवसाचा बुळबुळीतपणा वेगळ्या कामाचा आहे. तो पाणी बांधतो, मिश्रण दाट करतो, फुटू देत नाही, पण अंड्यासारखा घट्ट होत नाही. केळं आणि सफरचंदाचा गर तर आणखी पाणी आणि साखर घेऊन येतात, म्हणून तिखटमिठाच्या मफिनमध्ये मी ते वापरतच नाही. अंडं काढलं की सांगाड्याची जबाबदारी पिठावर येते. पिठाने ती पेलायची तर त्याच्यावर पाण्याचं ओझं टाकायचं नाही.

आता भाज्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा खेळ इथेच आहे.

झुकिनी मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा आणि सुती फडक्यात बांधून जोर लावून पिळा. अंदाजावर जाऊ नका, वजन करा. २०० ग्रॅम कीस पिळून १३० ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे. १७० वर थांबलात तर आणखी पिळा. पहिल्यांदा पिळताना निघालेलं पाणी एखाद्या ग्लासात जमवून बघा. आधीच्या प्रत्येक घाण्यात आपण काय घालत होतो ते डोळ्यांना दिसतं, आणि मग पिळायचा कंटाळा कधी येत नाही. हे पाणी सूपला चालेल, पण खारट आहे हे लक्षात ठेवा.

गाजर पिळायची गरज नाही. बारीक किसून तसंच घाला, ते पाणी हळूहळू सोडतं आणि मफिन दुसऱ्या दिवशीही मऊ ठेवतं. पालक कच्चा चिरून घालू नका. कोरड्या तव्यावर मिनिटभर परतून मलूल झाला की गार करून, मुठीत घट्ट पिळून मग चिरा. मशरूम, कांदा आणि ढोबळी मिरची थोड्या तेलावर पाणी आटेपर्यंत परतायची. मशरूम आधी पाण्यात पोहायला लागतात, मग कोरडे होतात आणि मगच तांबूस होतात. तिसऱ्या टप्प्यापर्यंत थांबा. लाल भोपळा आणि रताळं उकडू नका, भाजा: सेंटिमीटरभर फोडी, २०० अंशांवर वीसेक मिनिटं. उकडल्याने पाणी वाढतं, भाजल्याने कमी होतं आणि गोडवा एकवटतो. गोठवलेले मटार किंवा मक्याचे दाणे असतील तर पूर्ण वितळवून फडक्यावर कोरडे करून घ्या. ब्रोकोलीचे तुरे नखाएवढे करून कच्चेच चालतात. ताजा टोमॅटो पिठात नकोच. चव हवी असेल तर वाळवलेला टोमॅटो बारीक चिरून घाला, तो मफिनला अक्षरशः उचलून धरतो.

प्रमाणाचा माझा नियम एकच आहे: पिळून, परतून, भाजून तयार झालेल्या भाज्यांचं वजन कोरड्या पिठांच्या वजनाइतकं, त्याहून जास्त नाही. जास्त भाजी म्हणजे जास्त पौष्टिक, या हौसेपायी पुष्कळ मफिन्स खचतात. उरलेली भाजी बाजूला खा, पिठात कोंबू नका.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. सुरुवातीच्या काळात मी सूर्यफुलाच्या बिया घालून मोठा घाणा केला होता. दुसऱ्या दिवशी मफिन्स मोडले तर प्रत्येक बीभोवती हिरवं वर्तुळ. बुरशी समजून सगळा घाणा टाकून दिला आणि फार वाईट वाटलं. ती बुरशी नव्हती. या बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याच्या अल्कधर्मी वातावरणात हिरवं पडतं. खायला ते निर्धोक असतं. सोडा कमी केला आणि लिंबाचा रस वाढवला की हे टळतं. जांभळा कोबीही सोड्याच्या अल्कधर्मीपणानेच निळसर होतो. बीटचा लाल रंग मात्र उष्णतेनेच बराचसा तपकिरी होतो, त्यामुळे भडक गुलाबी मफिनची आशा धरू नका.

माझं नेहमीचं प्रमाण बारा मफिन्ससाठी असं आहे. कणीक १५० ग्रॅम, बेसन ६० ग्रॅम, जाडसर भरडलेले ओट्स ४० ग्रॅम, जवसाची पूड १४ ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे. साखर न घातलेलं सोया दूध २४० मिलिलिटर, लिंबाचा रस किंवा साधं व्हिनेगर १५ मिलिलिटर, तेल ७० मिलिलिटर. बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा. भाज्यांमध्ये पिळलेली झुकिनी १३० ग्रॅम, गाजराचा कीस ७० ग्रॅम, परतलेला कांदा आणि ढोबळी मिरची मिळून ५० ग्रॅम. वरून पेरायला भोपळ्याच्या बिया २५ ग्रॅम. मिरपूड, लसूण आणि एखादा सुगंधी पाला किंवा मसाला, म्हणजे शेपू, ओवा किंवा थाइमपैकी जे आवडेल ते.

बेसनाचं प्रमाण चौथाईच्या आसपास ठेवलंय ते मुद्दाम. त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नसतं, पण प्रथिनं शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम असतात आणि शिजल्यावर ती बऱ्यापैकी घट्ट होतात, म्हणजे अंड्याच्या कामाचा थोडा वाटा उचलतात. निम्म्यापर्यंत नेलं तर मफिन दाट, पिठूळ होतो आणि घशात अडकतो. घालण्यापूर्वी बेसन मंद आचेवर पाचेक मिनिटं कोरडं भाजून घ्या, कच्चट वास जातो. आणि हो, बेसनाचं कच्चं मिश्रण कडवट लागतं, म्हणून ते चाखून मिठाचा अंदाज घेऊ नका.

सोया दूध का? वनस्पतींच्या दुधांमध्ये प्रथिनं त्यात भरपूर असतात आणि लिंबू पिळलं की ते ताकासारखं दाट होतं. बदामाचं दूध चालतं, पण ते बहुतांश पाणीच असतं. ते वापरलंत तर २० मिलिलिटर कमी घाला.

कृतीत एक पायरी आहे जी सहसा कोणी करत नाही आणि मला ती सोडवत नाही. सोया दुधात लिंबाचा रस मिसळा आणि त्यातच जवसाची पूड आणि ओट्स ढवळून दहा मिनिटं ठेवा. जवसासाठी वेगळं पाणी घ्यायचं नाही. जवसाच्या एका चमच्याला तीन चमचे पाणी हा नेहमीचा हिशोब आहे, पण ते पाणी दुधाच्या वर जास्तीचं ठरतं आणि आपण त्याच्याशीच तर भांडतोय. या दहा मिनिटांत जवस आणि ओट्स आपल्या वाट्याचं पाणी पिऊन घेतात, दूध खिरीसारखं दाटतं. मग त्यात तेल फेटायचं.

दुसऱ्या भांड्यात कणीक, बेसन, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, मसाले हाताने किंवा फेटणीने नीट एकत्र करा. सोड्याची गुठळी राहिली तर तो घास साबणासारखा लागतो. भाज्या या कोरड्या पिठात घोळवा, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत आणि त्यांच्या अंगावरचा ओलावा पीठ तिथेच टिपून घेतं. मग ओलं मिश्रण ओता आणि रबरी उलथण्याने तळापासून वर आणत फक्त दहा-बारा वेळा फिरवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, मिश्रण ओबडधोबड दिसायलाच हवं. घोटत बसलात तर ग्लुटेन ताणलं जातं, मफिनच्या डोक्याला टोक येतं आणि आत लांबट बोगदे पडतात. मिश्रण चमच्याने उचलून टाकण्याइतकं दाट हवं. ओतता येत असेल तर भाजी नीट पिळलेली नाही. कणकेच्या जातीप्रमाणे कधी ते फारच घट्ट होतं, तेव्हा दोन चमचे दूध वाढवायला हरकत नाही.

फुगवण्याचं काम दोघं करतात: सोडा लिंबाच्या आम्लाशी लगेच भिडतो, बेकिंग पावडर बराचसा जोर ओव्हनच्या उष्णतेत दाखवते. म्हणून मिश्रण झाल्यावर फोनवर बोलत बसू नका, थेट साच्यात भरा. बेकिंग पावडरच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हती. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आपण ज्या डब्यातली पावडर चमच्याने मोजतो, तिची सुरुवात ‘तिला खाता येईल असं काहीतरी’ करण्यातून झाली होती.

ओव्हन वीस मिनिटं आधी तापवा, २०० अंश सेल्सिअसवर. साचे काठोकाठ नाही, पण पाऊणहून थोडे जास्त भरा, वर बिया पेरा. पहिली सात मिनिटं २००, मग दार न उघडता १८० आणि आणखी १६ ते १८ मिनिटं. सुरुवातीच्या झळीने वाफ जोरात होते, मफिन वर उठतो आणि मग सावकाश आतपर्यंत शिजतो. पंख्याचा ओव्हन असेल तर दोन्ही आकडे वीसने कमी करा. घरगुती ओव्हनची तबकडी दाखवते ते आणि आतलं खरं तापमान यांत पंधरा-वीस अंशांचा फरक मी अनेकदा पाहिलाय, त्यामुळे आत ठेवायचं साधं थर्मामीटर हा या कामातला सगळ्यात उपयोगी खर्च.

टूथपिक खुपसून बघण्यावर माझा भरवसा नाही. ती झुकिनीच्या धाग्याला लागली तर ओली येते आणि सच्छिद्र जागी गेली तर कोरडी. डोक्यावर बोटाने हलकेच दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. तापमापक सुई असेल तर मध्यभाग ९६ ते ९८ अंश हवा. ९० वर काढलेला मफिन हमखास खचतो.

काढल्यावर पाच मिनिटांनी साच्यातून जाळीवर घ्या, नाहीतर वाफेचं पाणी होऊन बूड ओलं होतं. आणि मग किमान वीस मिनिटं मोडू नका. हे कठीण जातं, मला माहीत आहे, घरभर वास सुटलेला असतो. पण गरम असताना स्टार्च अजून सैल असतो, नीट शिजलेला मफिनसुद्धा तेव्हा चिकट वाटतो. तुमच्या तक्रारीतला काही भाग एवढ्यानेच मिटेल असा माझा अंदाज आहे.

चव सपाट लागण्याचं कारण लोणी आणि चीज यांच्याबरोबर गेलेला खारट, खमंग भरीवपणा. तो मीठ वाढवून परत येत नाही. कांदा आणि लसूण खरोखर तांबूस होईपर्यंत परतणं, वाळवलेला टोमॅटो, चमचाभर मोहरीची पेस्ट आणि न्यूट्रिशनल यीस्टचे दोन-तीन मोठे चमचे, यांतलं काहीही दोन घाला. न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे पाव फुगवायचं यीस्ट नव्हे. ते निष्क्रिय असतं, त्याचे पिवळे पापुद्रे चीजसारखे लागतात.

आता पोषण. वरच्या प्रमाणात एका मफिनमध्ये साधारण १५० ते १६० किलोकॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि ३ ग्रॅम तंतू येतात. दोन मफिन्स म्हणजे १० ग्रॅम प्रथिनं. न्याहारीला हा चांगला पाया आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. बरोबर एखादं फळ आणि मूठभर दाणे, किंवा पेलाभर सोया दूध घ्या, दुपारपर्यंत निभावतं. तेल काढून टाकायचा मोह आवरा. ७० मिलिलिटर बारा जणांत वाटलं जातं, म्हणजे मफिनला जेमतेम सहा मिलिलिटर. तेल पिठाच्या कणांवर पातळ थर धरून ग्लुटेनला आवर घालतं. ते काढलं की मफिन रबरासारखा होतो आणि कागदाला चिकटून अर्धा कागदावरच राहतो.

सोडियमकडे मात्र लक्ष असू द्या. लोक मीठ मोजतात आणि बेकिंग पावडर व सोडा विसरतात. या मफिनमधल्या सोडियमचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा या दोघांचा असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणून पाककृतीतलं पाऊण चमचा मीठ झुकिनीला लावलेलं धरून मोजा. आणि पूर्ण वनस्पतिजन्य आहार असेल तर बी-१२ जीवनसत्त्व या मफिनमधून मिळेल असं समजू नका. पीठ, भाज्या, बिया यांत ते नसतं. न्यूट्रिशनल यीस्टमध्येही ते वरून घातलेलं असेल तरच मिळतं, पाकिटावर वाचून घ्या. पूरक गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलणं बरं.

ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी हे प्रमाण नुसतं पीठ बदलून चालणार नाही. तिथे इसबगोलाचा आधार लागतो, प्रमाण सगळंच बदलतं.

सकाळी वेळ नसतो म्हणालात. मिश्रण रात्री करून ठेवू नका, सोड्याचा जोर रात्रीतच संपतो आणि मिठाने भाज्या पाणी सोडत राहतात. त्याऐवजी रात्री कोरडी पिठं एका डब्यात मिसळून ठेवा, पिळलेल्या व परतलेल्या भाज्या दुसऱ्या डब्यात फ्रिजमध्ये. सकाळी ओव्हन तापतोय तोवर दुधात जवस-ओट्स भिजतात आणि मिश्रण पाच मिनिटांत होतं. त्याहून सोपं म्हणजे सुटीच्या दिवशी दुप्पट घाणा करून गोठवणं. यांच्यात ओलावा बराच असतो, त्यामुळे बाहेर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, फ्रिजमध्ये तीन दिवस. पूर्ण गार झालेले मफिन्स ताटात सुटे ठेवून आधी गोठवा, कडक झाले की पिशवीत भरून हवा काढा. दोन महिने उत्तम राहतात. सकाळी गोठलेलाच मफिन १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवा, कड पुन्हा कुरकुरीत होते. मायक्रोवेव्हमध्ये ३०-४० सेकंदांत होतो, पण आधी आडवा कापून घ्या आणि थोडा गारसर वाटला तरी तिथेच थांबा, जास्त तापवला की चामट होतो.